पहिल्या धारेची कॉफी

पेला जसा नेला तसाच परत आला. फक्त वर साय धरली होती.

"वारलू, ये कॉफी नहीं है," शेषाद्री साहेब म्हणाले.

रागावून म्हणाले असते तर वारलूला बरं वाटलं असतं. रागावलेला साहेब कसा सांभाळायचा हे एकोणीस वर्षांच्या नोकरीत तो शिकला होता. पण हे साहेब रागावतच नव्हते. नुसते पेल्याकडे बघत बसत.

"मग काय हाये साहेब?" वारलूने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पता नहीं," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुन्हा नकाशा उलगडला.

आलापल्लीच्या पुढे, बैलगाडीने एक दिवसाच्या वाटेवर, जंगलखात्याचं ते रेस्ट हाऊस होतं. वारलू तिथला चौकीदार आणि खानसामाही. कचेरीच्या पाटीवरचं मध्य प्रदेश खोडून मुंबई राज्य लिहिल्याला पाच महिने झाले होते. सरकार बदललं तसा जंगलतोडीचा नवा आराखडा करायला हे मद्रासकडचे साहेब आले. पाऊस लागेपर्यंत त्यांचा मुक्काम होता. सोबत पाच पेट्या कागद, एक पितळी फिल्टर आणि आईने भाजून दिलेल्या कॉफीच्या बियांचा डबा. बिया दळायचं यंत्रही होतं, पण गाडी नाल्यात कलंडली तेव्हा त्याचा दांडा तुटला; आता बिया जात्यावर दळायच्या.

फिल्टर दिसायला साधं भांडं होतं, दोन मजल्यांचं. वरच्या मजल्याच्या बुडाला सुईने टोचावीत तशी भोकं. वर पूड घालायची, गरम पाणी ओतायचं, खाली काढा जमतो तो दुधात घालायचा. साहेबांनी पहिल्या दिवशी एवढं समजावून सांगितलं. "गाढा होना. धीरे धीरे, बूंद बूंद," असंही म्हणाले. पण पूड किती, पाणी किती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरी कॉफी आई करायची. त्यांनी जन्मात फक्त ती प्यायली होती.

आज आठवा दिवस. रेंज ऑफिसचे कारकून गुणवंतराव रोज सकाळी कागदावर सह्या घ्यायला येत. त्यांनी आज वारलूला बाजूला घेतलं.

"हे पाय वारलू, साहेब देवमाणूस हाये, तो बोलणार नाई. पण कॉफीबिगर त्यायचं डोकं चालत नाई. चांद्याहून खानसामा बोलवायचं पत्र मी लिहून ठेवलं. मंगळवारी डाक जाते. तोवर जमव बाबा."

खानसामा आला म्हणजे मागची खोली त्याला द्यावी लागणार. वारलू आणि धुरपताचा संसार त्या खोलीतच उभा राहिला होता. दोघांना दुसरं घर नव्हतं आणि शेतही नव्हतं.

"पण जमवू कसं?" वारलू म्हणाला.

"अरे, सोपं हाये. मी नागपूरले सीताबर्डीवर पेलो ना. पूड दुधातच टाकायची अन् तीन उकळ्या येऊ द्यायच्या. त्या भांड्याच्या नादी कायले लागतं?"

वारलूने तीन उकळ्या दिल्या. साहेबांनी एक घोट घेतला आणि बाकीची कॉफी कठड्यावरून जास्वंदीला घातली.

दुपारी सिरोंचाकडचा लाकूड ठेकेदार लिंगय्या आला. त्याच्याकडे कॉफी पितात असं वारलूने ऐकलं होतं.

"उकळली?" लिंगय्याने कपाळावर हात मारला. "अरे, पूड उकळायची नाही. एकदम बारीक करायची, पिठासारखी. वरून दाबून बसवायची जोर लावून. चिमूटभर मीठ."

धुरपताने जात्यावर पिठासारखं बारीक दळून दिलं. वारलूने अंगठ्याने दाब दाब दाबलं. मग पाणी ओतलं आणि वाट पाहिली. पाणी वर तसंच राहिलं. खाली थेंब येईना. त्याने भांडं हलवलं, खालून फुंकलं, शेवटी आपटलं. तेव्हा एकदम सगळा गाळ खाली आला.

संध्याकाळी तो म्हाताऱ्या लटारूकडे गेला. लटारू त्याच्या आधीचा खानसामा, इंग्रज साहेबांच्या हाताखालचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंड शाबूत.

"जाडी पूड पायजे, जाडी," लटारू म्हणाला. "गव्हाच्या दलियासारखी. अन् अंड्याचं टरफल टाक. गाळ खाली बसते."

"हे साहेब अंडं नाई खात जी."

"टरफल खायाले कोन सांगते?"

"लटारूभाऊ, तुमी चव घेऊन पायली होती का कधी?"

लटारू ताठ बसला. "साहेबाच्या आधी तोंड लावलं का कधी मी? अन् तुले तसं शिकवलं का?"

तसं शिकवलं नव्हतं. साहेबाच्या भांड्यातलं साहेबाच्या आधी चाखलं की ते उष्टं झालं, ही लटारूची शिकवण. मीठ बोटांनी ओळखायचं, डाळ वासावरून, भाकर आवाजावरून. वारलूने एकोणीस वर्षं जिभेला कामाला लावलं नव्हतं आणि कधी बोलणी खाल्ली नव्हती. पण कॉफीपुढे त्याचं नाक हरलं. कशीही केली तरी वास एकच. शिवाय चांगली अजून एकदाही झाली नव्हती, म्हणजे तिचा वास कसा असतो हेही त्याला ठाऊक नव्हतं.

दलियासारख्या पुडीतून पाणी नळासारखं धो धो वाहून गेलं. एक म्हणे उकळ, दुसरा म्हणे उकळू नको. एक म्हणे पीठ कर, दुसरा म्हणे भरड. सगळे ठासून सांगत आणि सगळे त्याच्यापेक्षा शहाणे. वारलू रात्री जेवताना घास हातात धरून तसाच बसला होता.

सोमवारी दुपारी साहेब तोडीची लाइन आखायला जंगलात गेले तेव्हा त्याने फिल्टर आणि थोडी पूड दुपट्ट्यात बांधली आणि नाल्याकडे उतरला. धुरपता तिथे होती. मोहाचा हंगाम होता आणि पुढच्या आठवड्यात गावच्या देवाची पूजा. पूजेला मोहाची दारू लागते आणि गावात धुरपतासारखी दारू कोणी काढत नाही, हे गोंडांच्या घरांतही मान्य होतं. भट्टी लावणं गुन्हा होता. त्यातून राखीव जंगलात आणि ती चौकीदाराच्या बायकोने. म्हणून ती बांबूच्या बेटाआड बसत असे.

"काऊन आले?" ती आचेवरून नजर न काढता म्हणाली.

"कोनाचं ऐकू ते समजून नाई राह्यलं," वारलू म्हणाला. "उद्या डाक जाते."

धुरपताने हात पुसले, फिल्टर घेतला, वर खाली पाहिला, भोकांतून आभाळ पाहिलं.

"हे तं आपल्या भट्टीचीच हंडी हाये," ती म्हणाली. "दाखवा, कसं करता."

त्याने मधल्या दळणाची पूड घातली, तिने तापवलेलं पाणी ओतलं. थेंब पडू लागले. सगळं पाणी खाली उतरल्यावर त्याने सवयीने पुन्हा ओतलं. मग तिसऱ्यांदा.

"थांबा. हे काऊन ओतून राह्यले?"

"भांडं भरत नाई ना एका पान्यात. साहेबाच्या मायनं एवढ्या दुरून पाठवली पूड. एका पान्यानं फेकाची का? नासाडी होते."

धुरपताने त्याच्या हातातलं पाणी काढून घेतलं. मग हसायला लागली, पदर तोंडाला लावून, पार खोकला येईपर्यंत.

"पयल्या दिवसापासून तीन पानी?"

"चार बी," वारलू म्हणाला. "हे कोनं विचारलंच नाई."

तिने नवी पूड घेतली. आधी थोडंसंच पाणी शिंपडून ती भिजू दिली. मग बारीक धारेने बाकीचं ओतलं. "दाबाचं नाई. हलवाचं नाई. माह्या भट्टीची धार कशी येते, तशीच येऊ द्याची. तुटली का बस. मागची धार पावण्याले द्याची नसते."

खाली तीन बोटं काढा जमला, काळाभोर. तो वाटीत काढून तिने पुन्हा पाणी ओतलं आणि दुसरी धार वेगळ्या वाटीत धरली. मग खुशाल दोन्हींत बोट बुडवून चाटलं. लटारूची शिकवण तिला लागू नव्हती.

"दोनी कडू जहर," ती म्हणाली. पुन्हा चाटलं, डोळे मिटून. "पन हे कडू भरेल हाये. अन् हे कडू रिकामं हाये. तुमी आठ दिस त्यायले रिकामं पाजलं."

वारलूने दोन्ही वाट्यांकडे पाहिलं. दोन्ही काळ्याच होत्या. पण धुरपताच्या जिभेवर त्याचा जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःच्या हातांवरही नव्हता.

मंगळवारी सकाळी त्याने तसंच केलं. थेंब मोजले नाहीत, नुसते पाहिले. धार तुटली तशी उरलेली पूड काळजावर दगड ठेवून फेकून दिली. पेला व्हरांड्यात नेला. तिथे गुणवंतराव पत्र घेऊन उभे होते.

साहेबांनी एक घोट घेतला. नकाशावरचा हात थांबला. दुसरा घोट घेतला. मग पेला रिकामा होईपर्यंत त्यांनी खाली ठेवलाच नाही. त्यानंतर बराच वेळ ते चष्मा पुसत होते.

"किसने सिखाया?"

वारलूच्या ओठांवर नाव आलं. पण बायकोने शिकवलं म्हटलं की साहेब विचारणार, तिला कसं येतं. मग मोह आला, नाला आला, बांबूचं बेट आलं. साहेब देवमाणूस खरे, पण होते जंगलाचे साहेब. त्याने गुणवंतरावांकडे पाहिलं. का पाहिलं ते त्यालाही कळलं नाही.

"मीच सांगतलं साहेब," गुणवंतराव लगेच म्हणाले. त्यांना ते बहुधा खरंही वाटत असावं. "थोडा अभ्यास हाये आपला."

"शाबास," साहेब म्हणाले. "वो खत फाड दो."

पत्राचे चार तुकडे झाले. खोली वाचली. वारलू रिकामा पेला घेऊन मागच्या अंगणात आला. पाय हलके झाले होते. पण आपण तिला वाचवलं की आपल्याला तिचं नाव घ्यायची लाज वाटली, त्याला ठरवता येईना.

धुरपता दारात उभी होती. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, लेकीच्या लग्नातलं. केसांना तेल लावून चापूनचोपून अंबाडा घातला होता.

"पेले का?"

"सगळी पेले. पत्र फाडलं."

ती हसली. मग पदर सारखा करून म्हणाली, "कोनं शिकवलं, इचारलं असन ना? बोलावते का मले?"

वारलू पेला विसळू लागला. "गुणवंतराव म्हनले, त्यायनं शिकवलं."

"अन् तुमी?"

पेला केव्हाच स्वच्छ झाला होता. तो विसळतच राहिला.

धुरपताने पदर कमरेला खोचला. "बरं केलं," ती म्हणाली. भिंतीवरची टोपली काढून तिने कमरेवर घेतली आणि मोह वेचायला निघाली.

"लुगडं तं बदल," वारलू मागून म्हणाला. "मोहाचे डाग पडन."

"पडू द्या," ती म्हणाली, आणि तशीच नाल्याकडे उतरून गेली.