लाडूतुला

माझा भाचा स्वानंद पुण्याहून निवडणूक बघायला आला. निवडणूक ही काय बघायची गोष्ट आहे का? पण त्याची एक संस्था आहे, आणि ओढाताणीत जगणारी माणसं बोलघेवड्या पुढाऱ्यांना मतं का देतात याचे ती व्हिडिओ बनवते. मध्य प्रदेशात, देवासला आमच्या वॉर्डात उपचुनाव म्हणजे पोटनिवडणूक लागली, तेव्हा संस्थेच्या ध्यानात आलं की स्वानंदची आत्या तिथेच राहते. राहायची-जेवायची सोय झाली आणि ओढाताणीत जगणारी आत्याही घरबसल्या मिळाली.

आमची कॉलनी कारखान्याची. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली कुटुंबं आम्ही. कारखाना बंद पडला, क्वार्टर्स तेवढी अंगावर राहिली. माझ्या नवऱ्याला सगळी कॉलनी भाऊ म्हणते, म्हणून मीही भाऊच म्हणते. ते लेथवर होते. आता ओसरीवर असतात. घर चालतं ते आमच्या किमयावर. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली आणि बघता बघता लाइनची सुपरवायझर झाली. दिवाळीत तिने भाऊंना स्वेटर आणला, तर त्यांनी तो दोन दिवस घडीतच ठेवला. मुलीच्या पैशाचा स्वेटर घालायला माणसाला वेळ लागतो.

किमयाची कंपनीची बस आधी कॉलनीत दारापर्यंत यायची. मग हायवेच्या बाजूला नवी टाउनशिप झाली आणि त्यांनी आमच्या रस्त्यावर लोखंडी गेट ठोकलं. रस्ता निगमचा म्हणजे महापालिकेचा, गेट त्यांचं, आणि आत सोडणार फक्त त्यांचं स्टिकर लावलेल्या गाड्यांना, पायी माणसालाही नाही. आम्ही तक्रारी केल्या, गेट हटवायचा हुकूमही झाला, पण हटवायला कोणी आलं नाही. रेल्वेलाइनच्या बाजूने लांब वळशाचा एक कच्चा रस्ता आहे, त्यावरून जीप कशीबशी येते, बस नाही. म्हणून बस किमयाला हायवेवर सोडू लागली आणि ती नाल्यातल्या वाटेने चालत घरी येऊ लागली. थंडीत सहालाच काळोख होतो, आणि त्या वाटेवर दारुडे बसलेले असतात. एकदा कोणीतरी तिची ओढणी ओढली. तिने हातातला डबा त्याच्या तोंडावर मारला आणि घरी येऊन डब्याचं झाकण हरवलं एवढंच सांगितलं. खरं काय ते तिच्याबरोबरच्या मुलीकडून कळलं.

भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, संक्रांतीपर्यंत रस्ता झाला तर ठीक, नाहीतर किमयाने राजीनामा द्यायचा. किमया एक शब्द बोलली नाही. मला तिचा राग सोसतो, पण तिचं गप्प बसणं सोसत नाही. माझी मुलगी काही चुकलेली नसताना घरी बसणार होती, आणि गेट उभंच राहणार होतं. माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

अशात हा उपचुनाव. एका बाजूला दत्ताजी वकील. जुन्या दरबारी घराण्यातले, आपले मराठी, सज्जन माणूस. ते आले, ओसरीवर बसले, चहा घेतला. गेटचं सगळं ऐकून म्हणाले, “वहिनीसाहेब, असत्य आश्वासन आम्ही देणार नाही. प्रयत्न मात्र अवश्य करू.” नमस्कार करून गेले, ते पुन्हा दिसले नाहीत. दुसऱ्या बाजूला उमाशंकर भिया, इकडे भैयाला भिया म्हणतात. टेम्पोवाल्यांचा नेता, देह असा की आमच्या ओसरीची पायरी कुरकुरते. बोलणं नुसतं तोंडाला येईल ते. वॉर्डात बगीचा करीन, कारखाना पुन्हा उघडीन, देवीच्या टेकडीवर जायला फुकट टेम्पो लावीन. आणि मला म्हणाला, “माई, आप तो बस आशीर्वाद दो. जीतते ही गेट उखाड़ के फेंक दूंगा.” हे त्याने हळू नाही सांगितलं. माइकवर सांगितलं, सगळ्या कॉलनीसमोर, नंतर रोज येऊन सांगितलं.

कॉलनी उमाशंकरकडे झुकली. स्वानंदला ते बघवेना. रोज रात्री पोळी खाताना तो मला समजावायचा. हा माणूस थापाड्या आहे, तुमच्या अडचणीवर आपली पोळी भाजतो आहे, आणि तुम्ही शिकलेली माणसं असून टाळ्या वाजवता. मी म्हटलं, थापाड्या आहे हे मला ठाऊक आहे. कारखाना तो उघडणार नाही हे तर माझ्या मांजरीलाही ठाऊक आहे. मग मत का, हे त्याने चारदा विचारलं, कॅमेरा लावूनही विचारलं. मी म्हटलं, दत्ताजींनी काही कबूलच केलं नाही, तर उद्या त्यांच्या दारात जाऊन मी मागू काय? त्याला हे उत्तर पटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर अशी कणव आली की मला ताट उचलून आत जावंसं वाटलं. आजारी माणसाकडे बघावं तसं लोक आमच्याकडे बघतात आणि त्याला समजून घेणं म्हणतात.

उमाशंकर निवडून आला. ढोल वाजले, फटाके फुटले, आणि गेट जिथल्या तिथे राहिलं. पहिले काही दिवस तो फोनवर म्हणाला, “हो जाएगा माई.” मग त्याने फोन उचलणंच सोडलं. पुढे कळलं की टाउनशिपच्या लोकांनी त्याला क्लबहाउसमध्ये बोलावून शाल-श्रीफळ दिलं. स्वानंदने हे ऐकलं आणि मी तुला सांगितलं होतं असं म्हटलं नाही, तेवढे संस्कार आहेत माझ्या भावाचे. पण अंगणात उभा राहून कॅमेऱ्यात तो बोलला, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. गरजू मतदार पुन्हा एकदा फसला, असं त्याच्या व्हिडिओचं शेवटचं वाक्य होतं. किमया राजीनामा लिहायला बसली होती, तिनेही ते ऐकलं. मी तिच्यापुढचा कागद उचलला आणि त्यावर भाजी निवडायला घेतली.

भाजी निवडता निवडताच मला सुचलं. आमच्या माळव्यात जिंकलेल्या नेत्याला तराजूत बसवून लाडवांनी तोलतात. मंडीतून मोठा तराजू आणायचा, एका पारड्यात नेता, दुसऱ्यात लाडू, आणि नेता जमिनीवरून उचलला गेला की जयजयकार. लाडू मग सगळ्यांना वाटायचे. बाकी सगळ्या वस्त्यांनी उमाशंकरला तोललं होतं, आम्ही तेवढे राहिलो होतो. मी त्याच्या माणसाकडून निरोप धाडला की संक्रांतीला कॉलनीच्या बायका भियांची तिळाच्या लाडवांनी तुला करणार आहेत. फोन न उचलणाऱ्या माणसाचा पाच मिनिटांत फोन आला.

संक्रांतीला दुपारी गेटच्या अगदी समोर, आमच्या बाजूला, आम्ही तराजू उभा केला. जागा तीच का, असं कोणी विचारलं नाही. उमाशंकर ढोल घेऊन, जीप घेऊन, कच्च्या रस्त्याने धूळ उडवत आला. बरोबर त्याची माणसं, हातात मोबाइल, सगळीकडे चित्रीकरण. तो पारड्यात मांडी घालून बसला आणि पारडं जमिनीला टेकलं. बायकांनी ओवाळलं, दुसऱ्या पारड्यात लाडवांची ताटं रिती केली. दांडी हलली. टाळ्या झाल्या. आणखी ताटं रिती झाली, आणि लाडू संपले. उमाशंकर जमिनीवरच.

तो हसून इकडेतिकडे बघू लागला. ढोलवाल्याने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबला. अर्धवट तोललेला नेता पारड्यातून उतरला तर वर्षभर चौकाचौकात लोक हसतात, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. त्याने हळूच विचारलं की माई, लाडू एवढेच का? मी म्हटलं, नाही भिया, पुष्कळ आहेत. ते काय, तिकडे आहेत. मी गेटपलीकडे बोट दाखवलं. तिकडे हायवेच्या बाजूला आमच्या निम्म्या बायका हळदीकुंकवाच्या साड्या नेसून, डोक्यावर ताटं घेऊन उभ्या होत्या. शेजारची म्हातारी अक्का तर खुर्ची घेऊन बसली होती. आणि त्यांच्यात कॅमेरा धरून स्वानंद, कारण मी सकाळी त्याला एवढंच सांगितलं होतं की तिकडून चित्र चांगलं येईल.

उमाशंकरला कळलं. जणू माझाच काही गोंधळ झालाय असं दाखवत तो मोठ्याने म्हणाला, अरे, मग नाल्याच्या वाटेने घेऊन या ना, त्यात काय.

मी पारड्याजवळ गेले. “उस रास्ते से लड्डू नहीं आते भिया,” मी म्हटलं, “उस रास्ते से सिर्फ हमारी लड़कियां आती हैं.”

ढोलवाल्याने टिपऱ्या खाली ठेवल्या. मोबाइल तेवढे चालू होते. उमाशंकर माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याची नजर खाली गेली. तो वाईट माणूस नाही, हे मी आजही सांगते. त्याला टाळ्या हव्या असतात, आणि त्या आमच्या हातात असतात.

त्याने पारड्यात बसल्या बसल्याच फोन लावला. निगमच्या साहेबाने बहुतेक सणाची सुट्टी पुढे केली असावी, कारण उमाशंकरचा आवाज चढला. “हुकुम आपके यहां पड़ा है, साहब. कटर भेजो, मैं यहीं बैठा हूं.” आणि तो खरंच तिथेच बसला. उतरायची सोय नव्हती. आम्ही त्याला पारड्यातच चहा दिला, उन्हात टोपी दिली. मध्येच त्याचा पाय बधिर झाला तर त्याच्याच माणसांनी चोळून दिला. टाउनशिपचे दोघे-तिघे आले, कागदपत्रं मागू लागले. उमाशंकरने पारड्यातूनच त्यांना असं काही झाडलं की ते आले तसे परतले. आता ही त्याची लढाई झाली होती.

निगमची गाडी आली, साहेब हुकूम घेऊन आला, कटरच्या ठिणग्या उडाल्या. बिजागऱ्या तुटल्या तरी गेट सरकेना, खालचा भाग मातीत रुतला होता. तेव्हा पलीकडून स्वानंदने कॅमेरा अक्काच्या मांडीवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि खांदा लावला. इकडून आमची माणसं लागली. आणि मी बघते तर सगळ्यांत पुढे भाऊ. ओसरीवरून कधी उठले, कधी आले, मला कळलंच नाही. अंगात किमयाने आणलेला स्वेटर होता. गेट आडवं पडलं तेव्हा धूळ उठली आणि त्या धुळीतून बायका डोक्यावर ताटं घेऊन चालत आल्या, आमच्या रस्त्यावरून, सरळ. मला रडू फुटलं. मी डोळे पुसले नाहीत, येऊ दिलं.

पारड्यात ते लाडू पडले आणि उमाशंकर जमिनीवरून उचलला गेला. असा जयजयकार त्याच्या कुठल्याही सभेत झाला नसेल. त्याने हवेत तरंगता तरंगता भाषण केलं की उमाशंकर जो बोलता है, वो करता है. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

स्वानंद धुळीने माखला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आत्या, सगळं श्रेय हा घेऊन चाललाय.”

“नेऊ दे. रस्ता इथेच ठेवून चाललाय ना?”

तो म्हणाला की हे दर वेळी जमणार नाही. खरं होतं, आणि मी तसं म्हटलंही. कारखान्यासाठी ह्याला तोलायला बसवलं तर जगातले तीळ पुरायचे नाहीत. “पण दत्ताजींना आम्ही तराजूत बसवू शकलो असतो का, ते सांग,” मी म्हटलं. मग त्याने एक लाडू खाल्ला आणि त्या व्हिडिओचं शेवटचं वाक्य पुसून टाकतो म्हणाला. नवीन काय घालणार, असं विचारलं तर म्हणाला की अजून ठाऊक नाही. मला त्याचं ते ठाऊक नाही म्हणणं फार आवडलं.

संध्याकाळी आम्ही ओसरीवर होतो. किमया त्या दिवशी कामावर गेली होती, कारण महिनाअखेरपर्यंत तरी हजेरी पूर्ण लागू दे असं तिचं म्हणणं. मी तिला फोन करून बाकी काही सांगितलं नव्हतं, ड्रायव्हरला घराकडे वळायला सांग एवढंच. काळोख पडला. मग रस्त्याच्या टोकाला दोन दिवे दिसले आणि मोठे होत गेले. कॉलनीतली माणसं दारांत आली. बस आमच्या घरासमोर थांबली, आतल्या मुली खिडक्यांतून हात हलवत होत्या. किमया उतरली. ती क्षणभर रस्त्याकडे बघत राहिली, गेट होतं त्या दिशेला, आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. ती हसली नाही. ती सरळ भाऊंसमोर येऊन उभी राहिली.

भाऊंनी घसा साफ केला. त्यांना माफी मागता येत नाही, कधी आलीच नाही. पायरीवरून उठून त्यांनी तिच्या खांद्यावरची पर्स स्वतःकडे घेतली.

“उद्या बस किती वाजता येईल, ते ड्रायव्हरला विचारून घे,” ते म्हणाले. “तू डबा विसरतेस. मी घेऊन उभा राहीन.”