मागच्या खोलीतलं विमान

भावोजी आयुष्यात दोनदा विमानात बसले होते आणि दोन्ही वेळा त्यांना समोरची कागदी पिशवी वापरावी लागली होती. ही माहिती ताईने आपल्या धाकट्या भावाला फार वर्षांपूर्वी दिली होती, आणि भावाने ती नीट जपून ठेवली होती. हा भाऊ लिफ्टचा मिस्त्री. चौतीस वर्षं त्याने लोकांना खाली-वर नेणाऱ्या डब्यांची निगा राखली होती, आणि एकाही डब्याने कुणाला दगा दिला नव्हता. त्यामुळे विमा कंपनीतून निवृत्त झालेले भावोजी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर विमान उडवायला लागले, खांद्यावर सोनेरी पट्ट्यांचा पांढरा शर्ट शिवून घेतला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायला लागले, तेव्हा मिस्त्रीने त्याकडे खोकल्यासारख्या दुखण्याकडे बघावं तसं बघितलं. येतं आणि जातं.

पण हे दुखणं गेलं नाही. एका सकाळी ताईचा फोन आला.

"तू जरा येऊन जा. त्यांनी आता खुर्ची हलवायला घेतलीय."

"खुर्ची हलवायला माणूस कशाला लागतो?"

"तशी नाही रे. विमान वळलं की खुर्चीपण वळली पाहिजे म्हणे. खुर्ची, कॉम्प्युटरचे पडदे, ते सगळं एका लोखंडी सांगाड्यावर चढवलंय. काल ड्रिल मारताना भिंतीच्या आरपार गेले. माझ्या कपाटात उजेड येतोय."

मिस्त्री गेला. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध ट्रकच्या शाफ्टचा क्रॉस जॉइंट एका लोखंडी खांबावर उभा वेल्ड केला होता. त्यावर प्लायवुडचा मोठा पाट, पाटावर भंगारातल्या गाडीची सीट, समोर तीन पडदे, आणि मागे दोन कोपऱ्यांत दोन मोटारी. या मोटारी दांड्यांनी पाट वर-खाली ढकलणार होत्या. मिस्त्री खाली वाकला, वेल्डिंगवरून अंगठा फिरवला आणि अंगठा पँटला पुसला. वेल्डिंग म्हणजे कोंबडीने चिखलात पाय ओढावेत तसं. मोटारी गाडीच्या वायपरच्या.

"भावोजी, या काचेवरचं पाणी पुसायच्या मोटारी आहेत."

"ताकद बघा त्यांची, मिस्त्री. गिअर आहे आत."

सख्ख्या मेहुण्याला भावोजी मिस्त्री म्हणत. लग्नापासून म्हणत. मिस्त्रीला तेही एक वेळ चाललं असतं, पण ते म्हणताना भावोजींच्या आवाजात जो मऊपणा यायचा तो त्याला चावायचा. साहेब शिपायाला 'कसं काय' विचारतो, तसा.

"तुमचं वजन किती?"

"त्याचा काय संबंध?"

"चौऱ्याण्णव," दारातून ताई म्हणाली.

"चौऱ्याण्णव तुम्ही, चाळीस ही सीट आणि पडदे. हे सगळं वजन या सांध्याच्या वर. म्हणजे काठीच्या टोकावर मडकं. मोटारीने जरा हात सैल सोडला की जाणार एका बाजूला. खाली स्प्रिंगा नाहीत, टेकायला अडसर नाही, टोकाला जाऊन बंद पडायला स्विच नाही. आणि हे काय आहे?"

मोटारीच्या टोकाला एक बोटभर सेन्सर होता. पाट किती कलला आहे हे तो कॉम्प्युटरला सांगणार होता. मोटार आणि तो यांना भावोजींनी रबराच्या नळीच्या तुकड्याने जोडलं होतं.

"ही नळी घसरली तर कॉम्प्युटरला वाटेल पाट जागेवरच आहे. मग तो ढकलत बसेल. ढकलत बसेल आणि ढकलतच बसेल."

"घसरणार नाही. मी सुपरग्लू लावलाय."

मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. सुपरग्लू. उघडले तेव्हा भावोजी त्याच्याकडे दया आल्यासारखे बघत होते.

"तुमचं बरोबर आहे हो," ते म्हणाले. "तुमच्या दृष्टीने. लिफ्टला वर आणि खाली एवढंच कळतं. इथे पिच आहे, रोल आहे, हवेचा प्रवाह आहे. हा विषय जरा वेगळा आहे."

मिस्त्रीने चहा घेतला, कपाटातलं भोक बुजवून दिलं आणि घरी गेला. वाटेत त्याने ठरवलं की या माणसासाठी आपण स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. पडू दे. पडलेला बघायला मात्र जायचं.

तशी संधी महिन्याभरात आली. भावोजींचे चार मित्र होते, सगळे इंटरनेटवर जमलेले, सगळे घरबसल्या विमानं उडवणारे. एक दाताचा डॉक्टर, एक भूगोलाचा मास्तर आणि दोन सख्खे भाऊ, ज्यांचं टाइल्सचं दुकान होतं. रविवारी दुपारी चौघे आले ते पांढरे शर्ट घालून. टाइल्सवाल्या धाकट्याच्या खांद्यावर चार पट्ट्या होत्या आणि थोरल्याच्या तीन, त्यावरून रस्त्यात त्यांचं वाजलं असावं, कारण थोरला गप्प होता. पन्नाशीतली, साठीतली माणसं. मिस्त्री कोपऱ्यात स्टुलावर बसला आणि एकेकाकडे बघत राहिला. नाटकाच्या कंपनीतून हाकलून दिलेला बँडच जणू.

भावोजी सीटवर चढले. पट्टा लावला. कानावर हेडफोन चढवले आणि ताईला म्हणाले, "केबिन तयार?"

"चहा तयार आहे," ताई म्हणाली आणि ट्रे आणायला आत गेली.

विमान धावलं. पाट थरथरला, मागे कलला, आणि चौघांनी एका दमात "वा" म्हटलं. डावीकडे वळण आलं, पाट डावीकडे झुकला. भूगोलाच्या मास्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. मग भावोजींनी विमानाचं नाक जरासं खाली घेतलं.

पाट पुढे झुकला, आणि झुकतच राहिला. मोटारीचा आवाज बदलला. रबरी नळी घसरल्याचं मिस्त्रीला कानांनीच कळलं. तो उठेपर्यंत मागची दांडी तुटून निघाली, पाटाचा मागचा कोपरा उसळला आणि लोखंडी पट्टीसकट दाराच्या चौकटीवर आदळला. चौकटीचा ढलपा उडाला. ताई चहाचा ट्रे घेऊन त्या दारापासून दोन पावलांवर उभी होती. ट्रे तिच्या हातातच राहिला. कप मात्र सगळे आडवे झाले.

भावोजी सीटच्या पट्ट्यात उलटे लोंबकळत होते. समोरचा पडदा त्यांच्या छातीवर आला होता आणि दुसरी मोटार अजून ढकलत होती. टाइल्सवाला धाकटा ओरडला, "स्टिक मागे घ्या, कॅप्टन! मागे!" दाताचा डॉक्टर विमानतळाकडे मदत मागत होता, खऱ्याखुऱ्या इंग्रजीत, कुठल्या ते देव जाणे.

मिस्त्रीने भिंतीवरचा मेन स्विच पाडला.

खोली शांत झाली. पाटाशी वाकून त्याने भावोजींच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि ज्या आवाजात तो चौतीस वर्षं बंद दारांपलीकडच्या माणसांशी बोलला होता, त्याच आवाजात म्हणाला, "हात आत ठेवा. काही धरू नका. श्वास घेता येतोय?"

"येतोय," भावोजी म्हणाले. आवाज लहान मुलाचा होता. "मिस्त्री, जाऊ नका हं."

"मी कुठं जातोय."

त्याने टाइल्सवाल्या दोघा भावांना पाटाखाली खांदा द्यायला लावला, कारण तेवढ्यासाठी ती माणसं उपयोगी होती, आणि उरलेली दांडी पान्याने सोडवली. इंच-इंच करत पाट सरळ आणला. पट्टा कापून भावोजींना खाली घेतलं. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि एक सोनेरी पट्टी सुटून लोंबत होती. पाच मिनिटं ते भिंतीला टेकून बसले. पाणी प्यायले. मग चौघांकडे बघून घसा साफ केला.

"आपत्कालीन स्थितीचा सराव म्हणून हे फार उपयोगी झालं," ते म्हणाले.

चौघांनी माना हलवल्या. गंभीरपणे हलवल्या. मिस्त्रीला वाटलं, या पाचही जणांना एका लिफ्टमध्ये घालून दोन मजल्यांच्या मध्ये थांबवावं आणि जेवायला निघून जावं.

मंडळी गेल्यावर त्याने ताईला स्वयंपाकघरात गाठलं. "मी आत्ता गॅस कटर आणतो आणि सगळं तोडून टाकतो. दोन पावलं पुढे असतीस तर?"

ताई ओले कप पुसत होती. "तोडशील. मग ते दुसरं करतील. याच्याहून वाईट करतील, आणि मला सांगणारही नाहीत." तिने कप ठेवला. "चाळीस वर्षं त्या माणसाने लोकांच्या अपघाताचे कागद भरले रे. आता सकाळी उठून मागच्या खोलीत जातात तेव्हा शीळ घालतात. तूच कर ना नीट. तुला येतं."

मिस्त्रीला ते आवडलं नाही. पण त्या चौकटीच्या ढलप्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने काम धरलं. भावोजींना खोलीत येऊ द्यायचं नाही, अशी एकच अट. वायपरच्या मोटारी त्याने भंगारात फेकल्या आणि जुन्या लिफ्टच्या दारांच्या मोटारी आणल्या. सांध्याभोवती चार जाड स्प्रिंगा बसवल्या, म्हणजे मोटारी मेल्या तरी पाट आपोआप सरळ येईल. सेन्सर लोखंडी कपलिंगने जोडले, दोन्ही टोकांना स्विच दिले, सीटजवळ आणि दारापाशी मोठं लाल बटण. भावोजी दाराच्या फटीतून म्हणाले, "खऱ्या विमानात असं बटण नसतं." मिस्त्रीने दार लावून घेतलं.

मग त्याने चारही बाजूंना लोखंडी अडसर वेल्ड केले. पाट कुठल्याही दिशेला चार अंशांच्या वर जाऊच शकणार नव्हता. चार अंश म्हणजे काहीच नाही. टेबलाच्या पायाखाली पुस्तक ठेवलं तर टेबल तेवढं कलतं.

सगळं जोडून झाल्यावर एका दुपारी, ताई बाहेर गेलेली आणि भावोजी झोपलेले असताना, तो स्वतः सीटवर बसला. वजन घालून तपासायलाच हवं, म्हणून. विमान कसं सोडायचं ते त्याला बघून-बघून माहीत होतं. पडद्यावर धावपट्टी पळायला लागली, पाठीमागे सीट हळूच कलली, खालून बारीक थरथर आली, आणि जमीन सुटली. मिस्त्रीच्या पोटात गोळा आला. दोन्ही हातांनी त्याने सीट घट्ट धरली.

त्याने लाल बटण दाबलं. तो खाली उतरला, पाट हाताने अडसरापर्यंत रेटला आणि गुडघ्यावर बसून कोनमापक लावून पाहिला. साडेतीन अंश. मोटार त्याची, स्प्रिंग त्याची, अडसर त्याने आपल्या हाताने वेल्ड केलेला, आणि पोट त्या पडद्यावरच्या चित्राला फसलं होतं. स्वतःच्या पोटाचा त्याला इतका राग आला की त्या दिवशी तो संध्याकाळचं जेवलाच नाही.

भावोजींनी विचारलं, "किती अंश ठेवलेत?"

"वीस," मिस्त्री म्हणाला.

"वीस! थोडे जास्त नाही होत?"

"तुम्हाला झेपतील."

पुन्हा रविवार, पुन्हा पांढरे शर्ट. या वेळी थोरल्या टाइल्सवाल्याच्या खांद्यावरही चार पट्ट्या होत्या. भावोजींनी उड्डाण केलं, वळण घेतलं, वादळात शिरले आणि घामाघूम होऊन उतरले. मग एकेक जण बसला. दाताचा डॉक्टर खाली आला तो भिंतीला धरून. भूगोलाचा मास्तर म्हणाला की त्याला मान फिरवताच येत नव्हती, इतका जोर होता. "वीस अंश," भावोजी प्रत्येकाला सांगत होते. "वीस अंशांचा रोल म्हणजे काय चेष्टा आहे?"

"तुम्ही एकट्याने उभं केलंत हे?" धाकट्या टाइल्सवाल्याने विचारलं.

"डिझाइन माझं. दोन वर्षं डोकं घातलंय यात." मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे हात करत ते म्हणाले, "वेल्डिंगला आमचे मिस्त्री होते."

चौघांनी वळून मिस्त्रीकडे बघितलं आणि चांगल्या घरातली माणसं बघतात तसं हसले. ताई दारात उभी होती. तिने भावाकडे डोळे मोठे करून पाहिलं, बोल ना, अशा अर्थाने. चार हा आकडा त्याच्या जिभेवर होता. एका आकड्याने पाचही शर्टांमधली हवा गेली असती.

मिस्त्रीने भावोजींकडे बघितलं. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, आणि ओठांचा चंबू झालेला, शीळ सुरू व्हायच्या बेतात.

"स्प्रिंगांना दर महिन्याला ग्रीस लावा," तो म्हणाला. "सुपरग्लू नको." आणि ताईच्या हातातून आपला चहा घेऊन तो व्हरांड्यात जाऊन बसला.