पाचवी नळी

माझे बाबा, सिल्वेरियो, पुएब्ला शहराच्या गल्ल्यांतून सायकलवर धार लावत फिरतात. नळ्यांचा पावा फुंकला की बायका सुऱ्या-कात्र्या घेऊन बाहेर येतात. गेल्या वर्षी निकानोर नावाच्या एका उपटसुंभाने बाबांच्या पाव्याचा आवाज चोरून फोनवर टिपला आणि तोच मोटरसायकलच्या भोंग्यावर लावून आमच्या गल्ल्यांत घुसला. बायका फसायच्या. बाबा पोचेपर्यंत सगळ्या सुऱ्यांना धार लावून झालेली! माझं तर डोकंच फिरलं. आवाजाचासुद्धा ट्रेडमार्क मिळतो असं कळलं, तशी मी बाबांना ओढतच नोंदणी कार्यालयात घेऊन गेले.

बाबांनी लग्नातला कोट चढवला होता, ते एक वेळ ठीक. पण साहेबलोकांपुढे वाजवायचं म्हणून त्यांनी मला न सांगता नवाकोरा पावा आणला होता. तो वाजवला, अगदी सुरेल. कुणाची मानसुद्धा वर झाली नाही.

"छान," अधिकारी ओफेलियाबाई म्हणाल्या. "पण ही धून देशातला प्रत्येक धारवाला वाजवतो. सगळ्यांचं आहे ते तुमच्या एकट्याच्या नावावर कसं करू? उद्या कुणी येऊन म्हणेल, घरोघरच्या पोळीचं 'तोर्तिया' हे नावच माझं!"

मी बाबांकडे वळले. "आपला जुना पावा कुठाय?"

"आहे खिशात. पण त्याची पाचवी नळी फुटलीय. चार माणसांत कसा काढू?"

"काढा म्हणते ना!"

बाबांनी तोंड पाडून तो काढला आणि फुंकला. चार सूर झोकात वर चढले आणि पाचव्याला मांजर शिंकावं तसं फुस्स!

आतल्या खोलीत खुर्ची सरकली. ऑफिसची कात्री हातात धरून एक बाई धावत आली. "सिल्वेरियोकाका, थांबा, आले!" ती आमच्या मागच्या गल्लीतली रेमेदियोस. आपण नोकरीवर आहोत हे कळल्यावर बिचारी लाजून लाल झाली.

ओफेलियाबाई हसू दाबत म्हणाल्या, "अगं, मघाशी वाजलं तेव्हा नाही आलीस?"

"मघाशी? तो दुसराच कुणीतरी होता ना!"

"ऐकलंत?" बाईंनी नवा अर्ज पुढे ओढला. "हाच आवाज नोंदवायला घेऊ. शिंकेसकट."

बाबांनी इतकी वर्षं त्या नळीची लाज बाळगली होती. मला हसू आणि रडू एकदमच आलं. बाबा मात्र काळजीतच.

"बाई, येत्या रविवारी नळी दुरुस्त करायची होती..."

"खबरदार!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.