वुनपिनीची चटई

सुट्टी हत्ती बघायला होती. राजधानी अक्राहून निघताना एसिनामनं दोन्ही पोरांना तसंच सांगितलं होतं, की वाटेत दोन दिवस आत्याकडं राहायचं आणि मग थेट मोलेच्या जंगलात. पण उत्तरेतल्या तमाले शहरापुढच्या या गावात पाऊल ठेवल्यापासून तिला कशाचाच मेळ लागेना.

नवऱ्याची थोरली बहीण मेमुनातू, म्हणजे तिच्या वन्सं. त्यांनी धाकट्या तियुंबाच्या गालाला नुसतं बोट लावलं आणि सहा वर्षांच्या वुनपिनीचा जो हात धरला तो सोडलाच नाही. मीठ कुठं असतं, पिण्याचा माठ कुठला, सगळं तिला दाखवलं. आता दोन दिवसांच्या पाहुणीला मिठाची जागा कशाला हवी? शेजारणी यायच्या आणि एसिनामच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

"रडू नकोस हं," एक म्हणाली.

"मी कुठं रडतेय?"

"तेच म्हणते. शहाणी आहेस."

उत्तरेकडचा पाहुणचारच असा असेल, असं तिनं मनाला समजावलं. ती पडली समुद्राकाठच्या एव्हे जमातीची, तिला इथलं काय ठाऊक! पहिल्या संध्याकाळी वन्संनी तिच्या ओंजळीत सुपारीसारख्या चघळायच्या कोलाच्या बिया ठेवल्या, तेव्हाही तिनं हसून घेतल्या आणि एक चावलीसुद्धा. कडूजहर होती. नवऱ्याला, फुसेनीला, काही विचारावं तर तो गाडीच्या चाकांतली हवा बघत बसायचा. इतक्यांदा बघितली, की कुठंतरी पाणी मुरतंय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

निघायच्या सकाळी वुनपिनीची पिशवी गाडीत नव्हती. ती सापडली वन्संच्या खोलीत, एका छोट्या नव्याकोऱ्या चटईशेजारी.

"वन्सं, ही इथं कशी?"

"मग कुठं असणार? भावाची मुलगी आत्यानं वाढवायची. ही जन्मली तेव्हाच फुसेनीनं शब्द दिलाय. आणि मूल मागताना द्यायचा कोला तर तू स्वतः घेतलास."

एसिनामनं नवऱ्याकडं पाहिलं.

"फुसेनी, पोरीला हत्ती दाखवायला आणलंय की देऊन टाकायला?"

"मी सांगणारच होतो गं."

"कधी? अक्राला पोचून पोरं मोजताना?"

वन्संवर रागवावं तरी कसं? त्यांनी तर काहीच लपवलं नव्हतं, रीतसर पोर मागितली होती. तिनं वुनपिनीला, त्या एवढ्या घोडीला, उचलून कडेवर घेतलं आणि आवळून धरलं.

"मी नाही देणार. मला रीत कळत नाही म्हणा, वाईट म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा."

वन्संनी वुनपिनीच्या केसांवरून हात फिरवला.

"मलाही याच वयात माझ्या आत्याकडं आणलं होतं," त्या म्हणाल्या. "याच घरात. आई लॉरीत चढली, वळून बघितलंसुद्धा नाही. मला वाटायचं, आईला नाही म्हणताच येत नसेल."

त्यांनी आतून पिशवी आणून गाडीत ठेवली. मग चटईही गुंडाळून आणली.

"ही कशाला, वन्सं?"

"तिच्या मापाची विणलीय. इथं कोण झोपणार तिच्यावर?"

गाडी निघाली. पोर मांडीवर होती, तरी एसिनामला आपण जिंकलो की कुणाला लुटून पळालो, ते समजेना. वुनपिनी मागच्या काचेतून बघत होती.

"आई, आत्याला न्यायला तिची आई कधी येणार?"

एसिनामनं तिचं तोंड पुढच्या काचेकडं वळवलं. "हत्ती दिसतात का बघ," ती म्हणाली. हत्ती अजून खूप लांब होते.