अरे, हात!

बाइंडिंगखात्यात कागद कापायच्या मशीनवर दोन माणसं लागतात. एक गठ्ठा सरळ करून पॅडल दाबतो. दुसरा समोर उभा राहून पात्यावर नजर ठेवतो आणि प्रत्येक कापाआधी ओरडतो, "अरे, हात!" वीस वर्षं मी कापत होतो आणि काडी ओरडत होता. काडी म्हणजे माझा मित्र. अंगावर मांस नाही, पण आवाज असा की शेजारच्या खात्यातले लोकही हात मागे घेत. त्याच्यासाठी मी ढेऱ्या. माझी बायको त्याची वहिनी, पण तिच्यादेखतही मी ढेऱ्याच.

मग मी खात्याचा मॅनेजर झालो आणि डोक्यात हवा गेली. पहिल्याच आठवड्यात मालक पाहुण्यांना घेऊन आले, तेवढ्यात काडी लांबूनच ओरडला, "अरे ढेऱ्या, गोंद संपला की रे!" पाहुणे हसले. मी त्याला केबिनमध्ये बोलावून सुनावलं, "इथे मला साहेब म्हणायचं. अहो-जाहो करायचं. लोक बघतात." "बरं, साहेब," तो म्हणाला आणि दार हळूच लावून गेला. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून साहेब म्हणजे साहेब. घरी आला तरी दारातून, "साहेब आहेत का?" बायको म्हणाली, "भावजींना काय झालंय?" मी म्हटलं, "वळण लागलंय." असा मी मूर्ख.

महिनाभराने पाहुणे पुन्हा आले. मला हौस आली, आपण अजून मशीन चालवू शकतो हे दाखवायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गठ्ठा ठेवला, डाव्या हाताने सरळ केला, पाय पॅडलवर. समोरून काडी म्हणाला, "साहेब, आपला हात जरा..."

त्याचा आवाज आला की पॅडल दाबायचं, ही पायाची सवय. 'अरे' आलं की मागे यायचं, ही हाताची. पायाने आपलं काम केलं. हात वाट बघत राहिला. दोन बोटं गेली.

काडी दवाखान्यात आला. पूर्वी थेट माझ्या उशाशी फतकल मारून बसला असता, आता पायथ्याशी उभा राहिला.

"बस ना."

"नको, साहेब."

"त्या वेळी 'अरे' का नाही ओरडलास?"

"तोंडात आलं होतं," तो म्हणाला. "गिळलं." आणि ढसाढसा रडायला लागला.

मलाही रडू आलं. बोटांचं नव्हतं ते. मी म्हटलं, "चूक माझी आहे, काड्या. मी नालायक. आता एकदा सणसणीत शिवी घाल मला. निदान ढेऱ्या तरी म्हण."

त्याने डोळे पुसले. तोंड उघडलं. मी जिवाचा कान करून ऐकत होतो.

"जमत नाही हो आता," तो म्हणाला. "पाणी देऊ का तुम्हाला?"