नाकावर टिच्चून

धाकट्या डहाणूत चंद्रिकाच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. धर्मेशची होती, कारण त्याचं तोंडही तेवढंच घाण. तो तिचा चुलत दीर. खाडीकाठचा मोकळा तुकडा सातबाऱ्यावर त्याच्या नावाचा. चौदा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि त्याच हंगामात चंद्रिकाने भरदिवसा तिथे बांबू रोवले, आडवे दोर बांधले आणि बोंबील वाळत घातले. धर्मेश शिव्या देत आला आणि दुप्पट शिव्या खाऊन गेला. तेव्हापासून दर हंगामाला हेच. कोर्टात जायचं त्याला कधी सुचलं नाही. आळशी माणूस, शिव्यांवर भागवत राहिला.

आता डहाणू रोडच्या एका लॉजवाल्याची त्या तुकड्यावर नजर गेली, तशी धर्मेशला मालकी आठवली. तो बांबू उपटायला आला आणि चंद्रिकानेच त्याच्यावर दावा ठोकला. जागा गेली तर धंदा गेला, आणि धंद्याशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं.

"चंद्रिकाबाई," वकिलाने समजावलं, "बारा वर्षं मालकाच्या नाकावर टिच्चून वापरली असेल, तर जागा तुमची. पण मध्ये एकदा जरी त्याची परवानगी घेतली असेल, तर खेळ संपला."

"परवानगी? त्या मेल्याची? मी?"

वकील खूश झाला. इतकं चोख वैर त्याला आजवर मिळालं नव्हतं.

चंद्रिका साक्षीला उभी राहिली. धर्मेशच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "मुलीच्या लग्नाचा मांडव कुठे घातला होता?"

"तिथंच. खाडीवर."

"त्याआधी धर्मेशच्या घरी नारळ घेऊन गेला होतात?"

चंद्रिकाने वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. आठ वर्षांमागची गोष्ट. तिच्या सासूने घालून दिलेली रीत होती, की शुभकार्याचा मांडव ज्याच्या भुईवर, त्याच्या घरी आधी नारळ द्यायचा, नाहीतर ते कार्य फळत नाही. बोंबील कोणाच्याही भुईवर वाळतात, लेकीच्या मांडवाचं तसं नसतं. म्हणून सगळा माज गिळून ती गेली होती. धर्मेश बोटीवर होता. त्याच्या बायकोने, शांतीने, नारळ ठेवून घेतला होता.

मागच्या बाकावर तिची लेक उन्नती बसली होती. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच सासर सोडून आलेली. तिच्यादेखत नाही म्हणणं चंद्रिकाला जमलं नाही.

"दिला नारळ! चोरीच्या जागेत लेकीचं लग्न लावू काय?"

तिच्या वकिलाने कपाळावर हात मारला.

पुढच्या तारखेला धर्मेशची पाळी आली. त्याने एवढंच म्हणायचं होतं, की हो, नारळ घेतला, परवानगी दिली. त्याच्या वकिलाने ते पढवून पढवून घेतलं होतं. चंद्रिकाच्या वकिलाला आशा उरली नव्हती. तरी जाता जाता त्याने डिवचलं, "म्हणजे वहिनींवर तुमची माया होती. या वहिनी, जागा आपलीच समजा, असं म्हणालात?"

धर्मेशचा चेहरा लालबुंद झाला. हरलेलं चालेल, पण या बाईवर माया केली असं सगळ्यांदेखत कबूल करायचं? त्याच्याने ते होईना.

"माया? हिच्यावर? बोटीवरनं आलो आणि तो नारळ तसाच उचलून खाडीत फेकला! बायकोला बजावलं, तिला सांग, माझी परवानगी नाय. बायको घाबरली, बोलली नाय. ही निर्लज्ज, हिने मांडव घातलाच!"

त्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. चंद्रिकाच्या वकिलाला हसू आवरेना. एका नारळाने घालवलेली जागा धर्मेशनेच तिच्या पदरात टाकली होती.

चंद्रिका मात्र ताडकन उठली. "साहेब, लिहू नका हे! खोटं बोलतोय तो! नारळ घेतला होता यांनी!"

"बाई, तुमची साक्ष झालीय. खाली बसा," न्यायाधीश म्हणाले.

"शांतीला बोलवा! तिने हातात घेतला होता. पदर डोक्यावर घेऊन घेतला होता!"

"आई, बस ना," उन्नतीने तिचा हात ओढला. "जागा आपली झाली."

चंद्रिका बसली. धर्मेशकडे ती खाऊ की गिळू अशी बघत राहिली, कारण लेकीच्या तोंडाकडे तिला बघवत नव्हतं.