पेशंटबरोबर कोण?

“मामा, वस्तरा ठेवा बघू खाली! आज तुम्ही पेशंट आहात.”

“मग पेशंटचे केस कोण काढणार? तुम्ही?” असं म्हणत मामा स्वतःचं मनगट स्वतःच साफ करून मोकळे झाले. सिस्टरने कपाळावर हात मारला.

तसं मामांचं चुकत नव्हतं म्हणा. ह्या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी पेशंटचे केस काढायचं काम अर्धं आयुष्य मामांनीच केलं होतं. आधी मामांचा साबण, मग डॉक्टरांची सुरी. आता त्यांच्याच हृदयाने उच्छाद मांडला होता. रक्ताच्या नळीत स्टेंटची जाळी बसवली, तर वर्षाच्या आत ती आतून अरुंद झाली. त्या जाळीत दुसरी जाळी घातली, तीही अडली. ही तिसरी खेप.

पहिल्या खेपेला काय गर्दी! मुलगा, सून, शेजारीपाजारी. मेहुणीने तर रडून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. दुसऱ्या खेपेला मुलगा एकटाच आला. ह्या वेळी तो फोनवर म्हणाला, “बाबा, परत तेच? आता तर तुम्हाला सगळं पाठ आहे. झालं की कळवा.” पोरगा वाईट नव्हता हो. रोज मरे त्याला कोण रडे, दुसरं काय! पण मामी गेल्यापासून घरात बोलायला फक्त आरसा उरलेला. मामांना ते बोलणं फार लागलं.

“बरोबर कोण आलंय?” सिस्टरने विचारलं.

“मुलगा. खाली गाडी लावतोय.”

थाप मारून तर गेले, पण ती निस्तरता येईना. मुलगा येईपर्यंत म्हणून ट्रॉली दारातच थांबली. डॉक्टर दोनदा डोकावून गेले. मागे दुसरा पेशंट ताटकळला होता, त्याची बायको त्याचे पाय चोळत होती. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“घ्या आत, सिस्टर,” ते छताकडे बघत म्हणाले. “गाडी नाही नि मुलगाही नाही. कुणी येणार नाही.”

सिस्टरने पांघरूण सारखं केलं आणि ट्रॉली आत ढकलली.

“मामा, आता तिसरी जाळी नको,” डॉक्टर म्हणाले. “औषध लावलेला फुगा आत फुगवायचा आणि काढून घ्यायचा. पुन्हा अडलं तर मात्र बायपास, बरं का.”

मनगटातून तार आत गेली. फुगा फुगला तशी छातीत तीच जुनी कळ दाटून आली. मामांनी दात आवळून धरले. हळूहळू ती ओसरली.

“झालं!” म्हणत डॉक्टर सवयीने दाराकडे वळले. काम झालं की नातेवाइकांना बोलावून मॉनिटरच्या पडद्यावर दाखवायची इथली पद्धत: हे आधीचं, हे आताचं. सिस्टरने हळूच नकाराची मान हलवली, तसे ते तिथेच घुटमळले.

“मला दाखवा की,” मामा म्हणाले.

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. मघाशी दोऱ्याएवढी झालेली नळी आता भरून वाहत होती. मामा बराच वेळ बघत राहिले. मग लोकांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेलंच त्यांनी विचारलं.

“डॉक्टर, आमचा पेशंट बरा होईल ना?”

“होईल ना,” डॉक्टर म्हणाले, आणि रोजच्या सवयीने पुढचंही बोलून गेले, “फक्त आजची रात्र कुणीतरी त्याच्याजवळ थांबा.”

“मी आहे,” मामा म्हणाले.